पन्हाळ्यावरून कोवळ्या ताऱ्याची गिरकी मोजताना

शहरात दिव्यांचा उजेड फार, म्हणून थंडीत मी पन्हाळ्यावर जातो. वृषभ राशीतला व्ही ४१० टॉरी हा कोवळा तारा १.८७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो; अंगावरचे थंड डाग समोर आले की त्याचं तेज मंदावतं.

ट्रॅकरवर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रावर) कॅमेरा लावून रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो घ्या. फोकस किंचित ढिला ठेवा. पिक्सेल जळाले, म्हणजे जास्त उजेडाने पूर्ण पांढरे पडले, तर रात्र वाया. माझ्या दोन गेल्यात. त्याच फोटोतल्या, तेज न बदलणाऱ्या ताऱ्याशी तुलना करा, नाहीतर खाली गुऱ्हाळांचा धूरच मोजत बसाल.

सलग १५ रात्री, एकाच वेळी. तेवढ्यात ताऱ्याच्या जवळपास ८ फेऱ्या होतात, रोज वेगळी बाजू दिसते. मग पहिल्या रात्रीपासूनच्या दिवसांना १.८७ ने भागा, पूर्णांक सोडून उरलेल्या अपूर्णांकासमोर तेजस्विता आलेखात मांडा. लाट उमटते!