नव्या डेव्हलपरला कामात रुळवताना

नवा डेव्हलपर रुजू होतो त्या सकाळी लॅपटॉप हाती येतो, पण रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड ठेवलेली जागा) उघडत नाही, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडले जात नाही आणि परवानगी देणारी व्यक्ती नेमकी मीटिंगमध्ये असते. हे टाळायचे असेल तर खाती आणि परवानग्या रुजू होण्याच्या तारखेआधीच तयार करून, त्या खरोखर चालतात का हे कोणीतरी तपासून ठेवावे. प्रॉडक्शन डेटाबेसचा, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांची माहिती असलेल्या डेटाबेसचा, प्रवेश मात्र गरज पडेपर्यंत देऊ नये, आणि हा नियम सर्वांनाच लागू आहे हेही सांगून टाकावे, म्हणजे त्यात अविश्वास दिसत नाही.

पहिले काम म्हणजे प्रकल्प स्वतःच्या यंत्रावर चालवणे. येथे अनुभवी सहकारी शेजारी बसून आज्ञा सांगत सुटतात. त्यांनी तसे करू नये. नवख्याने रीडमी, म्हणजे प्रकल्प कसा चालवायचा हे सांगणारी फाइल, वाचत एकट्याने पुढे जावे आणि जिथे अडेल तिथे टिपून ठेवावे. समजा, रीडमीत फक्त ‘डेटाबेस सुरू करा’ असे लिहिले आहे, पण त्याच्या लॅपटॉपवर ५४३२ या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीच चालू असल्याने प्रकल्पाच्या डेटाबेसचा कंटेनर (तो चालवणारे वेगळे आवरण) सुरूच होत नाही. एन्व्ह या सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्याऐवजी ५४३३ लिहायचे, हे टीममध्ये सर्वांना ठाऊक असते, म्हणूनच ते कोणी लिहिलेले नसते. ती एक ओळ रीडमीत घालणे हीच त्याची पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारण्याची विनंती) असू द्यावी, कारण ब्रँच (कोडची वेगळी शाखा), रिव्ह्यू (सहकाऱ्यांनी केलेली तपासणी), स्वयंचलित चाचण्या आणि मर्ज (मुख्य कोडमध्ये मिसळणे) हा सगळा रस्ता त्यात एकदा पायाखालून जातो. कागदपत्रांतल्या अशा फटी आठवडाभरानंतर त्यालाही दिसेनाशा होतात.

‘आधी दोन आठवडे कोड वाचा’ असे सांगणे मला निरुपयोगी वाटते, कारण मनात प्रश्न नसेल तर वाचलेला कोड डोक्यात राहत नाही. त्याऐवजी एखादे बटण दाबल्यापासून डेटाबेसमध्ये नोंद होईपर्यंतचा प्रवास शोधून तो फळ्यावर काढून दाखवायला सांगावे. त्याच मार्गावरची एखादी छोटी, पण खरी चूक त्याने दुरुस्त करावी आणि ती शक्यतो पहिल्याच आठवड्यात वापरकर्त्यांपर्यंत पोहोचावी.

मदतीला व्यवस्थापकाखेरीज एक सोबती नेमावा आणि रोज अर्ध्या तासाची वेळ ठरवून द्यावी. तीस मिनिटे अडल्यावर, काय काय करून पाहिले ते सांगून, टीमच्या सामाईक चॅनेलवर विचारायचे, असा नियम असला की संकोच कमी होतो आणि उत्तरेही शोधता येतील अशी राहतात. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, असे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहिले. नवख्यांना शिकवण्यात जाणारा जुन्यांचा वेळ हे त्याचे एक कारण होते. त्यामुळे सोबत्याची इतर कामे त्या काळात प्रत्यक्षात कमी करावीत. बहुतेक ठिकाणी नेमके हेच राहून जाते.

रिव्ह्यू करताना ‘हे बदलावेच लागेल’ आणि ‘मी असे लिहिले असते’ या दोन शेऱ्यांत स्पष्ट फरक करावा. मोकळ्या जागा आणि स्वल्पविरामांचे काम फॉरमॅटरवर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनावर, सोपवावे.

पुढचा नवा सहकारी येईल तेव्हा सोबती म्हणून याच डेव्हलपरला नेमावे, कारण ५४३२ पाशी गेलेला वेळ त्याच्या अजून लक्षात असतो.