लंडनमधल्या मुलींच्या प्रायव्हेट शाळा : यादी कशी करायची आणि कधी करायची

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, शाळा ऑक्टोबरात निवडायची, फेब्रुवारीत नाही. इलेव्हन प्लसच्या, म्हणजे अकराव्या वर्षी मोठ्या शाळेत जाण्यासाठीच्या प्रवेश परीक्षा साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होतात, मग इंटरव्ह्यू, फेब्रुवारीच्या मध्याला ऑफर्स येतात आणि बहुतेक शाळांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात हो की नाही ते कळवावं लागतं, आणि त्याच सुमारास १ मार्चला सरकारी शाळांत कुठे जागा मिळाली ते कळतं. म्हणजे हातात जेमतेम दोन-तीन आठवडे, त्यात ऑफिस, त्यात पुण्याहून आजी-आजोबांचे फोन, त्यात कुणाला कुठे मिळालं याचे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज. अशा वेळी माणूस डोकं चालवत नाही, सगळ्यात मोठं नाव असेल तिथे पैसे भरून मोकळा होतो. म्हणून पसंतीचा क्रम परीक्षेच्या आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा, नवरा-बायको दोघांनी मिळून, आणि लेकीला विचारून.

आपण बहुतेकजण मेरिट लिस्टच्या जमान्यातले, त्यामुळे इथेही आपल्याला वाटतं की अकरावीच्या अ‍ॅडमिशनसारखं आहे, ज्याचा कटऑफ जास्त ते कॉलेज चांगलं. पेपरात जी रँकिंग येतात त्यात वरच्या दहा-पंधरा शाळांमधला फरक इतका कमी असतो की त्यावरून काही ठरवू नये. ज्या शाळेनं अकराव्या वर्षीच चाळणी लावून हुशार मुली घेतल्यात तिचा जीसीएसईचा (सोळाव्या वर्षीची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) रिझल्ट चांगलाच येणार ना, त्यात शाळेनं किती शिकवलं ते कुठे कळतं? मी तर म्हणेन की वरच्या मुली सगळीकडे चमकतात, तुम्ही विचारा की वर्गात खालच्या तिसऱ्या हिश्शात असलेल्या मुलीचं काय होतं. सेट्स, म्हणजे हुशारीप्रमाणे गट, कधी पाडतात, गणितात मागे पडली तर शाळाच मदत करते का बाहेर ट्यूशन लावावी लागते, आणि जीसीएसईनंतर सिक्स्थ फॉर्मला (शेवटची दोन वर्षं, आपली अकरावी-बारावी) किती मुली शाळा सोडून जातात आणि का. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस कसं उत्तर देतो ते नीट बघा, गुळमुळीत बोलायला लागला तर नोंद करून ठेवा.

आता प्रवास. याला लोक सगळ्यात कमी महत्त्व देतात आणि माझ्या मते हाच पहिला प्रश्न पाहिजे. हॅरोला किंवा वेम्ब्लीला राहणाऱ्या मुलीनं रोज हॅमरस्मिथला जायचं म्हणजे सकाळी सातच्या आत घर सोडायचं, नोव्हेंबरात अंधारात निघायचं आणि अंधारातच परत यायचं, पाठीवर दप्तर, हातात हॉकी स्टिक नाहीतर व्हायोलिन, आणि हे सात वर्षं. ऑर्केस्ट्रा, ड्रामा, नेटबॉल हे सगळं शाळेनंतर असतं, ज्यासाठी एवढी फी भरतोय तेच प्रवासापायी सोडून द्यावं लागतं. गूगल मॅपवर रविवारी दुपारी बघून ठरवू नका, शाळेच्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन खरंच ट्यूबनं जाऊन बघा. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांना झिप ऑयस्टरवर (लंडनच्या प्रवासाचं मुलांचं कार्ड) बस फुकट आहे त्यामुळे बसचा रूट पण चेक करा. काही शाळांच्या स्वतःच्या कोच (बस) असतात, त्याचे पैसे फीच्या वर वेगळे, आणि उशिरा सुटणारी कोच आहे का ते विचारून घ्या. एका बाजूचा प्रवास तासाच्या वर जात असेल तर ती शाळा यादीत एकदम खाली, नाव काहीही असो.

शाळांचे स्वभाव पण खूप वेगळे आहेत, बाहेरून सगळ्या सारख्याच वाटतात. नॉर्थ लंडन कलीजिएट ही फ्रान्सिस मेरी बस यांनी १८५० मध्ये काढलेली, आता एजवेअरला कॅनन्स पार्कजवळ भरपूर मोकळ्या जागेत आहे, शेवटच्या दोन वर्षांत ए-लेव्हलसोबत (इथली बारावी) आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) पण पर्याय देते, आणि हॅरोकडच्या आपल्या लोकांना जवळ पडते. सेंट पॉल्स गर्ल्स हॅमरस्मिथला, १९०४ ची, तिथे युनिफॉर्मच नाही, संगीतकार गुस्ताव होल्स्ट तिथे अनेक वर्षं शिकवायचे आणि संगीताचं वातावरण अजून आहे. सिटी ऑफ लंडन गर्ल्स चक्क बार्बिकनच्या काँक्रीटच्या मधोमध आहे, काही मुलींना ते शहर, ते थिएटर बाजूला असणं जाम आवडतं आणि काहींना हिरवळ दिसली नाही की गुदमरायला होतं. हॅब्स (हॅबरडॅशर्स) गर्ल्स एल्स्ट्रीला, भरपूर मैदानं, बाजूलाच मुलांची शाळा, पण कोचशिवाय पोचणं अवघड. साउथ हॅम्पस्टेड ही गर्ल्स डे स्कूल ट्रस्ट या संस्थेच्या शाळांपैकी एक, शहरातली शाळा. यातली सगळ्यात चांगली कुठली असं कुणी विचारलं तर मी उत्तर देत नाही, तुमची मुलगी कशी आहे ते आधी सांगा म्हणते.

परीक्षेचं गणित असं, की गोडॉल्फिन अँड लॅटिमर, साउथ हॅम्पस्टेड, चॅनिंग, फ्रान्सिस हॉलंड अशा बऱ्याच शाळा मिळून लंडन इलेव्हन प्लस कन्सोर्टियम आहे, त्यांची एकच परीक्षा, कॉम्प्युटरवर, आणि ती सगळ्यांना चालते. फायदा उघड आहे, तोटा असा की तो एक दिवस वाईट गेला तर सगळीकडेच फटका. म्हणून कन्सोर्टियममधल्या दोन आणि स्वतःची परीक्षा घेणाऱ्या दोन, अशा चार शाळा पुरतात. आठ-आठ ठिकाणी बसवणारे लोक आहेत, पण प्रत्येक फॉर्मची फी परत मिळत नाही आणि जानेवारीत पोरगी नुसती थकून जाते हो, इंटरव्ह्यूला जाऊन हो-नाही एवढंच बोलते. चारांपैकी एक तरी अशी ठेवा जिथे मिळण्याची चांगली शक्यता आहे आणि जिथे ती खरंच आनंदानं जाईल. नुसती बॅकअप म्हणून, मनातून नको असलेली शाळा टाकण्यात अर्थ नाही.

ओपन डे इयर फोर-फाइव्हमध्येच, म्हणजे लेक आठ-दहा वर्षांची असतानाच उरकून घ्या, बुकिंग पटकन भरतं. शनिवारच्या मोठ्या ओपन डेला शाळा नटलेली असते, जमलं तर चालू शाळेच्या दिवशीची टूर घ्या. हेडचं भाषण सगळीकडे जवळपास सारखंच असतं, आम्ही मार्कांच्या मागे नाही वगैरे. फिरवून दाखवणाऱ्या मुलींशी बोला, काल रात्री होमवर्कला किती वेळ लागला ते विचारा, फिजिक्स आणि फर्दर मॅथ्स (ए-लेव्हलचं जास्तीचं गणित) किती जणी घेतात ते विचारा, जेवणात व्हेजला रोज पास्ताच असतो का ते पण विचारा. बाथरूम बघा. इन्स्पेक्शनचे आयएसआय (प्रायव्हेट शाळा तपासणारी संस्था) रिपोर्ट नेटवर असतात, पण २०२३ पासून त्यात एका शब्दाचा शेरा नसतो, नियम पाळले की नाही ते असतं, तेव्हा मुलींच्या काळजीविषयीचा भाग नीट वाचा.

पैशाचं बोलायला आपण लाजतो. जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागला, त्यामुळे आता वर्षाला पंचवीस-तीस हजार पाऊंड धरून चाला, काही ठिकाणी त्याहून वर. सात वर्षांचे पावणेदोन ते दोन लाखांच्या थोडं वर होतात, फी दरवर्षी वाढते ती वेगळी, आणि धाकटी असेल तर तिचं पण गणित आत्ताच मांडा. स्कॉलरशिप म्हणजे बऱ्याचदा मान आणि थोडीशी सूट, खरी मदत बर्सरीत असते, ती उत्पन्न आणि मालमत्ता बघून देतात, काही शाळा पूर्ण फी पण माफ करतात. त्याचा फॉर्म परीक्षेच्या आधीच भरायचा असतो, ऑफर आल्यावर विचारून उपयोग नाही. आणि डिपॉझिट भरताना कॉन्ट्रॅक्ट वाचा प्लीज. एकदा हो म्हणून नंतर मागे फिरलात तर डिपॉझिट तर जातंच, वर बऱ्याच ठिकाणी एका टर्मची पूर्ण फी मागतात.

ग्रामर शाळांचा, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांचा विचार असेल तर ते पण याच यादीत घाला, वेगळी यादी करू नका. हेन्रिएटा बार्नेट या मुलींच्या ग्रामर शाळेची पहिली परीक्षा सप्टेंबरात असते, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच नाव नोंदवायचं, आणि सरकारी शाळांसाठीचा कौन्सिलचा फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत, त्यात सहा शाळा लिहिता येतात. काही ग्रामरना पत्त्याची अट असते ती आधी बघा. फुकट आहे म्हणून दीड तासाचा प्रवास करायला लावू नका, वरचा प्रवासाचा नियम इथे पण तोच.

मग ऑफर्स आल्या की तो ऑक्टोबरचा कागद काढा. क्रम बदलायचा असेल तर कारण लिहा, आणि ते कारण "सगळे तिकडे जातायत" असं असेल तर बदलू नका. वेटिंग लिस्टवर असाल तर शाळेला लगेच कळवा की ऑफर आली तर नक्की घेऊ, मार्चमध्ये लिस्ट बऱ्यापैकी हलते. आणि ज्या शाळा नको आहेत त्यांना शेवटच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ईमेल टाका, तिथे वेटिंगवर कुणाची तरी मुलगी बसलेली असते.