घरसभेत पाचारणाचा पाठ घेताना

पौलाचं पाचारण, म्हणजे देवाने त्याला कसं बोलावलं, हे शिकवायला त्याच्या गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय घेणार असाल, तर अध्याय संपतो तिथे थांबू नका. १:११ ते २:२ एवढा भाग धरा. मिरज-सांगलीकडच्या घरसभेत गाणी आणि प्रार्थना झाल्यावर पाठाला जेमतेम चाळीस मिनिटं उरतात, त्यात तो बसतो.

आधी एकाने सलग मोठ्याने वाचावं. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आडवी रेघ ओढून पौलाच्या वाटचालीचे टप्पे लिहा: दिमिष्क, अरबस्तान, परत दिमिष्क, ३ वर्षांनी यरुशलेमेत केफाकडे (म्हणजे पेत्राकडे) १५ दिवस, सूरिया-किलिकिया, १४ वर्षांनी पुन्हा यरुशलेम. ही १४ वर्षं कुठून मोजायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बेरीज करून १७ ठोकून देऊ नका. सुवार्ता माणसांकडून शिकलो नाही, हे पौल सांगतो ते या हिशेबाच्या जोरावर. १:१५ ला यिर्मया १:५ जोडून वाचा, दोन्हीकडे जन्माआधीच्या निवडीची भाषा आहे, तेवढं पुरे.

दिमिष्काच्या वाटेवर येशूने पौलाला हाक दिली ती हकिगत प्रेषितांची कृत्ये ९, २२ आणि २६ मध्ये आहे. घरसभेला २६ वा घ्या, कारण त्यात पराणी, म्हणजे बैल हाकायची आर लावलेली काठी, आहे: पराणीवर लाथ मारणं तुला कठीण, असं येशू त्याला म्हणतो. खटाव-जतच्या माणसाला ती समजावून सांगायला नको. आर टोचली म्हणून बैलाने लाथ झाडली, की ती आणखी रुतते. हे बोलून जरा गप्प बसा. लगेच बोध काढायला गेलात की चित्र विरतं.

वाटेतल्या पौलाच्या सोबत्यांनी आवाज ऐकला (कृत्ये ९:७) की नाही (२२:९), हे कुणीतरी विचारणारच. आवाज कानावर आला, शब्द कळले नाहीत, असा उलगडा बरेच जण करतात. तो द्या आणि पुढे चला.

खरी गडबड शेवटी होते. एखादा तरुण म्हणतो, "मलाही देवाने थेट सांगितलंय, मग पाळकांना कशाला विचारायचं?" त्याला गप्प करू नका, गलतीकर २:२ त्यालाच वाचायला द्या. देवाकडून प्रकटीकरण झालं म्हणूनच पौल यरुशलेमेला गेला आणि आपली सुवार्ता तिथल्या प्रमुखांपुढे एकांतात मांडली, आपली धावपळ फुकट जाऊ नये म्हणून. शिवाय कृत्ये १३:१-३ दाखवा: बोलावणं पवित्र आत्म्याचं, पण उपास करून, हात ठेवून रवाना केलं अंत्युखियाच्या मंडळीने.

पुढच्या खेपेला १ शमुवेल ३ वाचून यायला सांगा. देवाची हाक ऐकून लहान शमुवेल तीनदा उठून एली याजकाकडे धावला. हाक कुणाची, हे ओळखलं ते डोळे मंदावलेल्या एलीने.