आरव्ही पार्कमधला दोघांचा संसार: मांडायचा कसा, हलवायचा कसा

अमेरिकेत घर विकून किंवा भाड्याने देऊन आरव्हीमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला निघणाऱ्या जोडप्यांना पहिली चिंता वाहनाची असते आणि दुसरी पैशांची. कोणते काम कोणी करायचे याचा विचार आधी सहसा होत नाही आणि पहिल्या महिन्यातली बहुतेक भांडणे नेमकी त्यातूनच निघतात. आम्ही दोघे गेली चार वर्षे एका तीस फुटी ट्रेलरमध्ये राहतो, तो पिकअप ट्रकने ओढतो आणि एका पार्कमधून, म्हणजे भाडे देऊन आरव्ही उभी करण्याच्या तळावरून, दुसऱ्या पार्कमध्ये मुक्काम हलवतो. सुरुवातीला ट्रक, वीज आणि मैलापाणी माझ्या यजमानांकडे, तर आरक्षण, पाणी आणि घराच्या आतले सगळे माझ्याकडे, अशी वाटणी होती. दुसऱ्या वर्षी न्यू मेक्सिकोमध्ये त्यांची कंबर धरली, जागा सोडण्याची तारीख दोन दिवसांवर आली होती आणि मला ट्रेलर ट्रकला जोडताही येत नव्हता. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की प्रत्येक काम एकाच्याच नावावर असावे, परंतु महिन्यातून एकदा ते दुसऱ्याने करावे आणि पहिल्याने तोंड बंद ठेवून बघावे.

निघण्यापूर्वी

घर कायमचे नसले तरी पत्ता कायमचा लागतो, कारण वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना, कर, विमा आणि मतदान हे सगळे पत्त्यावरच चालते. पूर्णवेळ फिरणारे पुष्कळ लोक टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा यांपैकी एका राज्याचे रहिवासी होतात. या तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे चांगल्या रुळलेल्या आहेत. टेक्ससमधील लिव्हिंग्स्टन येथे असलेली ‘एस्केपीज’ ही आरव्हीधारकांची १९७८ सालची संस्था अशी टपालसेवा चालवते. आरव्हीचा विमा घेताना आपण त्यातच राहतो हे स्पष्ट सांगावे; सुट्टीपुरत्या वापरासाठी काढलेला विमा आणि तिलाच घर मानून काढलेला विमा हे दोन वेगळे प्रकार आहेत. पासष्टीच्या पुढच्यांनी आरोग्यविम्याचाही विचार करावा. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, देशभर चालते, तर तिच्याऐवजी खासगी कंपन्यांकडून घेतलेली ॲडव्हान्टेज योजना बहुतेक वेळा ठरावीक भागातल्या डॉक्टरांशी बांधलेली असते.

मोटरहोम (स्वतःच्या इंजिनवर चालणारे घर) घ्यावे की ट्रेलर, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. पार्कमध्ये आठवडे किंवा महिने काढणाऱ्या जोडप्याला ट्रेलर सोयीचा पडतो असे माझे मत आहे, कारण ट्रेलर जागेवर ठेवून ट्रक किराणा आणायला आणि डॉक्टरकडे जायला मोकळा राहतो. मोटरहोमवाल्यांना त्यासाठी मागे आणखी एक गाडी बांधून न्यावी लागते. ट्रक किती ओढू शकतो हा जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली पेलोडची, म्हणजे ट्रकवर किती वजन लादता येते याची, पट्टी आधी वाचावी. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवरून, म्हणजे दोन्ही वाहनांना जोडणाऱ्या सांध्यावरून, थेट ट्रकवर येतो आणि त्यात दोघांचे वजन व ट्रकमधले सामान मिळवले की ती मर्यादा पुष्कळदा आधी संपते. सगळे सामान भरून एकदा ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून घ्यावे.

पार्क निवडताना

खासगी पार्कचे भाडे दिवसाचे, आठवड्याचे आणि महिन्याचे असे तीन प्रकारचे असते. महिन्याच्या भाड्यात दिवसाचा हिशेब बराच खाली येतो, पण विजेचे बिल बहुधा मीटरप्रमाणे वेगळे असते, आणि फीनिक्सच्या उन्हाळ्यात ते बिल स्वस्ताईची सगळी हौस फेडते. थंडीत उत्तरेकडचे लोक फ्लोरिडा, ॲरिझोना आणि दक्षिण टेक्ससकडे उतरतात, त्यामुळे तिथली हिवाळ्यातली जागा उन्हाळ्यातच धरून ठेवावी. काही पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी आरव्ही घेत नाहीत; आपली जुनी असेल तर फोनवर आधीच विचारावे, म्हणजे दारात अपमान होत नाही. राष्ट्रीय उद्याने आणि राष्ट्रीय वनांमधले मुक्कामाचे तळ सुंदर असतात, परंतु तिथे पुष्कळदा वीज-पाण्याची जोडणी नसते, वाहनाच्या लांबीवर बंधन असते आणि मुक्काम सर्वसाधारणपणे १४ दिवसांपुरताच करता येतो. बासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना व कायमस्वरूपी रहिवाशांना मिळणारा ज्येष्ठांचा पास घेतला, तर केंद्र सरकारच्या अनेक तळांवर भाडे निम्मे होते.

आरक्षणाच्या फोनवर मी तीन प्रश्न विचारते: वीज ३० अँपिअरची की ५० अँपिअरची, जागा सरळ आरपार जाण्याची की मागे घेऊन लावण्याची, आणि मैलापाण्याचे तोंड जागेच्या कोणत्या भागात आहे. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडची व्यक्ती हमखास थबकते, पण पंधरा फुटी नळी घेऊन पंचवीस फुटांवरच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा तो संकोच बरा. काही पार्कमध्ये आठवड्याला ठरावीक तास काम करून जागा फुकट मिळते. ज्यांना अमेरिकेत काम करण्याची परवानगी आहे त्यांनीच हा मार्ग धरावा. मुलांकडे पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना तो बंद आहे, कारण पैशांऐवजी जागा मिळाली तरी तो कामाचा मोबदलाच ठरतो.

प्रवासाच्या दिवसासाठी आरव्हीवाल्यांचा तीनाचा एक जुना हिशेब आहे: एका दिवसात ३०० मैलांपेक्षा जास्त जाऊ नये, दुपारी तीनच्या आत पोहोचावे आणि किमान तीन रात्री राहावे. आम्ही ३०० चे २०० केले आहेत. बऱ्याच ट्रेलर टायरांची मर्यादा ताशी ६५ मैलांची असते आणि कॅलिफोर्नियात मागे काही ओढणाऱ्या वाहनाला ५५ मैलांचीच परवानगी आहे. टायरवरच्या शेवटच्या चार अंकांवरून त्याचे वय कळते. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलून टाकावेत. छतावरच्या एसीसह ट्रेलरची उंची फूट-इंचांत लिहून ट्रकमध्ये डोळ्यांसमोर चिकटवावी. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथे ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वेपूल इतक्या ट्रकांची छपरे सोलत असे, की २०१९ साली तो उचलून १२ फूट ४ इंच करावा लागला. न्यूयॉर्कच्या पार्कवे नावाच्या, फक्त मोटारींसाठीच्या रस्त्यांवर ट्रेलर नेऊच नये, आणि बाल्टिमोरच्या बोगद्यांत प्रोपेनच्या मोठ्या टाक्या घेऊन जाता येत नाही.

जागेवर लावणे

ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावणे हा दोघांच्या नात्याचा जाहीर कार्यक्रम असतो. आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून बसतात. तेव्हा आरडाओरडा टाळायचा असेल तर शब्द आधी ठरवून घ्यावेत. आम्ही फोन चालू ठेवतो आणि चारच शब्द वापरतो: मागे, चालकाकडे, झाडाकडे, थांबा. ‘डावीकडे’ हा शब्द वर्ज्य आहे, कारण मागे उभ्या असलेल्या व्यक्तीची डावी आणि चालकाची डावी यांवरून आमचा एक दिवा आणि एक अख्खी संध्याकाळ गेली. ‘थांबा’ ऐकताच चालकाने ब्रेक दाबायचा; का, ते नंतर विचारायचे. मागे उभ्या असलेल्याने चालकाला आरशात सतत दिसत राहावे. तो दिसेनासा झाला की चालकाने न सांगता थांबावे.

चालवणाऱ्याने हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा, म्हणजे हात ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला ट्रेलरचे मागचे टोक वळते. शक्य असेल तेव्हा चालकाच्या बाजूने मागे घ्यावे, कारण त्या बाजूला खिडकीतून ट्रेलर दिसतो. मी हे रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगच्या मैदानावर तीन तास शिकले. यजमान कंबरेला पट्टा बांधून घडीच्या खुर्चीत बसले होते आणि नियमाप्रमाणे गप्प होते, हे त्यांच्या बाबतीत विशेष.

ट्रेलर उभा राहिला की आधी दोन्ही बाजू समपातळीत आणाव्यात. खालच्या बाजूच्या चाकाखाली ठोकळे घालावेत. मग चाकांना चॉक (चाक घरंगळू नये म्हणून अडकवायच्या पाचरी) लावावेत आणि त्यानंतरच हिच सोडवावा. हा क्रम उलटा झाला तर उतारावर ट्रेलर एकटाच निघतो. ट्रक मोकळा झाला की पुढच्या जॅकने पुढचे-मागचे समतल करावे आणि शेवटी कोपऱ्यांचे आधार खाली सोडावेत. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर ही पातळी नुसत्या झोपेच्या सोयीची नाही, कारण कलत्या अवस्थेत तो नीट थंड होत नाही आणि खराबही होतो.

वीज, पाणी, मैलापाणी

विजेच्या खांबावर प्रथम ब्रेकर बंद करावा, सर्ज प्रोटेक्टर (सदोष विजेपासून वाचवणारे उपकरण) लावावा, ब्रेकर चालू करून प्रोटेक्टरचे दिवे वाचावेत आणि ठीक असेल तरच ब्रेकर पुन्हा बंद करून ट्रेलरची वायर जोडावी व मग तो चालू करावा. ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टवर जास्तीत जास्त ३,६०० वॉट देते. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन लाइन असल्याने ती १२,००० वॉटपर्यंत जाते. छतावरचा एसी साधारण दीड हजार वॉट खातो, किटली तेवढीच आणि पाणी तापवणारा हीटरही जवळपास तेवढाच, म्हणजे ३० अँपिअरवर तिघांपैकी दोघेच सुखाने नांदतात. आमच्याकडे किटली लावणाऱ्याने ‘किटली’ असे मोठ्याने म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘लाव’ म्हटल्यावरच बटण दाबायचे, अशी शिस्त आहे. उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्या पार्कचे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज पडते आणि कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर जळतो. अशा वेळी चांगला प्रोटेक्टर वीज आपोआप तोडतो, म्हणून त्यावर चिडू नये.

पाण्याला प्रेशर रेग्युलेटर लागतोच, कारण काही पार्कमध्ये दाब १०० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर जातो आणि ट्रेलरच्या आतल्या जोडण्यांना ४५ ते ५५ पीएसआय पुरेसा असतो. तो ट्रेलरकडच्या टोकाला न लावता नळाला लावावा, म्हणजे नळीही वाचते. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी आणि मैलापाण्याचे सामान धुण्याची वेगळी ठेवावी; दोन्ही वेगवेगळ्या खणांत आणि वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात. बाहेर जाताना नळ बंद करावा. कडाक्याच्या थंडीत रात्री नळी काढून आत घ्यावी आणि टाकीतले पाणी पंपाने वापरावे.

मैलापाण्याबद्दल नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे पूर्ण जोडणी मिळाली म्हणून ब्लॅक टँकची, म्हणजे संडासाच्या टाकीची, झडप उघडी ठेवणे. तसे केल्यास पाणी वाहून जाते, घन भाग मागे राहतो आणि काही आठवड्यांत संडासाच्या नळाखाली त्याचा वाळलेला ढीग तयार होतो, जो काढायला माणूस बोलवावा लागतो. झडप बंद ठेवावी, दर वेळी पाणी सढळ वापरावे आणि टाकी दोनतृतीयांश भरली की रिकामी करावी. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे सांडपाण्याची टाकी. अशा क्रमाने आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी नळी धुऊन काढते. त्यासाठी आदल्या दिवसापासून ग्रे टँकचीही झडप बंद ठेवावी. हातमोजे न घालता हे काम करू नये आणि ते हातमोजे घालून दुसऱ्या कशाला हात लावू नये. फोडणीचे उरलेले तेल सिंकमध्ये ओतू नये, कागदाने पुसून कचऱ्यात टाकावे.

आतले आणि बाहेरचे

रस्त्यावरच्या कायद्यामुळे वाहनाची रुंदी साडेआठ फुटांपुढे जात नाही, त्यामुळे एक जण ओट्याशी उभा असताना दुसऱ्याला मागून जाता येत नाही. सकाळचा पहिला तास एकाने बाहेरच्या बाकावर काढावा आणि तो कोणी काढायचा हे हवामानावर न सोडता वारांनुसार ठरवावे. हेडफोन दोघांचेही हवेत. पार्कचे वायफाय संध्याकाळी चालेल असे गृहीत धरू नये. स्वयंपाक करताना छतावरचा पंखा चालू ठेवावा, नाहीतर वाफ खिडक्यांवर बसते आणि गादीखाली बुरशी धरते. शेजारधर्माचे नियम थोडे आहेत: दुसऱ्याच्या जागेतून आडवे जाऊ नये, रात्री दहानंतर आवाज करू नये, बाहेरचा दिवा रात्रभर ठेवू नये आणि कोणी ट्रेलर जोडत असताना त्याच्याशी गप्पा मारायला जाऊ नये.

मुक्काम हलवताना

गप्पा न मारण्याचा हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा आहे. एकदा यजमान आवराआवर करत असताना शेजारचे गृहस्थ निरोप घ्यायला आले, पाच मिनिटे बोलले, आणि फ्रिजची कडी माझ्याकडून लागली असेल असे यांना आणि यांच्याकडून लागली असेल असे मला वाटले. पहिल्याच वळणावर दह्याचा डबा जमिनीवर आला आणि पुढे चाळीस मैल इकडून तिकडे फिरत राहिला. तेव्हापासून यादी कागदावर आहे, आतली माझी आणि बाहेरची त्यांची; काम झाले की खूण करायची, आणि मध्ये कोणी बोलले तर यादी पहिल्यापासून सुरू करायची. नंतर याद्यांची अदलाबदल करून प्रत्येकाने दुसऱ्याचे काम हात लावून तपासायचे. नुसते पाहून चालत नाही, कारण अर्धवट लागलेली कडीही लागलेलीच दिसते.

हिच जोडल्यावर कुलूपखीळ, एकमेकींवरून ओलांडून लावलेल्या साखळ्या, ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी दोरी आणि सात पिनांची वायर, या चारही गोष्टींना हात लावून पाहावा. मग एकाने ट्रकमध्ये बसावे, दुसऱ्याने मागे उभे राहावे आणि डावा, उजवा, ब्रेक असे दिवे एकेक करून पाहावेत. ट्रक वीस फूट पुढे घेऊन थांबवावा, दोघांनीही उतरून रिकाम्या जागेभोवती एक फेरी मारावी आणि नळापाशी मुद्दाम वाकून पाहावे. रेग्युलेटर तिथेच विसरतो. आमचे दोन तसे गेले, आणि ओरेगॉनमध्ये कोणाचा तरी विसरलेला एक आम्हाला मिळाला, तो आता जादाचा म्हणून पाण्याच्या खणात ठेवलेला आहे.