मांजराचं पिल्लू आजारपणात अचानक गेलं तर काय काय करायचं

काल दुपारपर्यंत मासेवालीच्या पाटीमागे धावणारं पिल्लू आज सकाळी नाही, असं कोकणात घरोघरी होतं आणि वर शेजारची काकू येऊन सांगते, "मांजारच ता, दुसरा हाडूया." काकूचं मन वाईट नसतं, तिच्या घरी पंधरा मांजरं येऊन गेलेली असतात. पण तुम्हाला रडू येत असेल तर रडा, त्याला कोणाची परवानगी नको. फक्त काही कामं त्याच दिवशी करावी लागतात, ती आधी सांगते.

पहिलं काम : बाकीची मांजरं लांब करा

घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत कोंडा आणि पिल्लाला उचलताना हातात पिशवी घाला. उलट्या, जुलाब होऊन एकदोन दिवसांत पिल्लू गेलं असेल तर बहुतेक वेळा पहिला संशय पॅनल्युकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या पार्व्होचा, हा विषाणूमुळे होणारा आजार. माणसाला तो होत नाही, पण आपल्या चपलांवरून, कपड्यांवरून दुसऱ्या मांजरापर्यंत आरामात पोचतो.

आणखी एक, हे टाळू नका. जायच्या आधी पिल्लू विचित्र वागत होतं, लाळ गळत होती, मागचे पाय लुळे पडले होते, आणि त्यात त्याने कोणाला चावलं किंवा ओरबाडलं असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. पिल्लू एवढंसं होतं, त्याला कुठला रेबीज, असं म्हणून घरी बसायचं नाही. आणि अशा वेळी पुरायच्या आधी गुरांच्या डॉक्टरांना फोन करा, तपासणीला काही पाठवायचं असलं तर ते सांगतील.

पुरायचं कुठे

आपल्या हवेत जास्त वेळ ठेवता येत नाही, त्याच दिवशी पुरा. खाडीत किंवा समुद्रात सोडू नका, भरतीला परत किनाऱ्यावर येतं आणि मग ते बघवत नाही. आगरात जागा बघताना विहिरीपासून आणि वहाळापासून लांबची बघा, पावसाळ्यात तर उंचावरचीच, कारण जुलैत दोन फुटांवर पाणी लागतं. खड्डा तीन फूट तरी हवा. कातळावर घर असेल तर फूटभर खाली जांभा लागतो आणि पहार नुसती खणखणते, तिथे जोर लावत बसू नका, माडाच्या आळ्यापासून जरा बाजूला माती मऊ असते ती जागा घ्या. सुती फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिक नको. माती भरली की वर दोनतीन चिरे ठेवा, नाहीतर रात्री कुत्रे नाहीतर कोल्हे उकरतात. ब्लॉकमध्ये राहत असाल तर गावात वाडी असलेल्या ओळखीच्या माणसाला विचारा, नाहीतर नगरपरिषदेला फोन करा.

साफसफाई

इथे बहुतेक लोक फिनेल ओततात आणि झालं म्हणतात. पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूला फिनेलचं काही वाटत नाही, डेटॉलचंही नाही, घरात तो वर्षभरसुद्धा टिकू शकतो. आधी साबणाने घाण धुवायची, मग एक लिटर पाण्यात 30 मिली ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, साधारण 5 टक्क्यांचं) घालून लादी ओली करायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. त्यात अ‍ॅसिड किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. भांडं, गादी, खोका टाकून दिलेला बरा. सारवलेल्या खळ्यात मात्र ब्लीच फारसं चालत नाही, शेणामातीतच त्याचा जोर संपतो, तेव्हा तिथे लस न घेतलेलं पिल्लू वर्षभर सोडायचंच नाही एवढं पाळा.

"मला आधी का कळलं नाही"

हा प्रश्न रात्री येतो आणि झोपू देत नाही. तर ऐका, मांजर दुखणं लपवतं, आणि हा आजार पिल्लांत इतका झपाट्याने जातो की कधी लक्षणं दिसायच्या आधीच, बारा तासांत खेळ संपतो. उपचार नसतील तर दहातली नऊ पिल्लं जातात, उपचार मिळाले तरी सगळी वाचतातच असं नाही. त्यात तालुक्याचा दवाखाना लांब, शेवटची एसटी गेलेली. मांजर मेलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं असं कोणी घाबरवलं तर सांगा, ते म्हणे मारणाऱ्यासाठी आहे, उशाशी बसून चमच्याने पाणी पाजणाऱ्यासाठी नाही.

मुलांना "ते मुंबईला गेलं" सांगू नका. इथे सगळेच मुंबईला जातात आणि गणपतीला परत येतात, पोर वाट बघत बसतं. आजारी पडलं, मेलं, आता परत येणार नाही, असं सरळ सांगा आणि चिरे ठेवायला त्याला बरोबर न्या. हात मात्र नंतर साबणाने धुवायला लावा.

आई मांजर

ती शोधते. माळ्यावर, भाताच्या पोत्यांमागे, चुलीच्या कोपऱ्यात, आणि वेगळ्याच आवाजात हाका मारते, ते ऐकणं सगळ्यात कठीण. तिला ओरडू नका, शोधू दे. सड लाल, गरम, कडक झाले किंवा तिने दोन दिवस खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा. मागे राहिलेल्या पिल्लांवर दोन आठवडे लक्ष ठेवा, लागण झाली असेल तर बहुतेक दहा दिवसांच्या आत दिसते. एकाला जरी उलटी झाली तरी "बघू उद्या" नाही, लगेच निघायचं.

दुसरं पिल्लू

घाई नको. आणायचंच तर त्याची लस सहा ते आठ आठवड्यांचं असताना सुरू होते, मग दर तीनचार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. तोवर कोणी बाजारातून येताना पिशवीत पिल्लू घालून आणलंच तर डोस पूर्ण होईपर्यंत त्यांच्याच पडवीत ठेवायला सांगा, काकू रागावली तरी चालेल.