भाडेपट्ट्याची मुदत वाढवताय? या चुका टाळा

‘आमचा फ्लॅट नव्व्याण्णव वर्षांचा आहे’ असं कुणी सांगितलं की मी विचारतो, ‘कधीपासून?’ इथंच निम्मे लोक गप्प होतात. पट्टा जमिनीचा असतो आणि त्याची वर्षं दस्तात लिहिलेल्या तारखेपासून मोजायची असतात. तुम्हाला किल्ली कधी मिळाली, वास्तुशांत कधी झाली, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय नव्व्याण्णव हा आकडा येतो कुठून? एमआयडीसीचे पट्टे ९५ वर्षांचे असतात. आमच्या अपार्टमेंटची जागा १९७१ साली ५० वर्षांच्या पट्ट्यानं दिलेली होती आणि इमारत उभी राहिली १९८८ ला. घेणाऱ्या बाराही जणांच्या डोक्यात नव्व्याण्णवच. मीही त्यातलाच.

मूळ दस्त सापडत नाही म्हणून रडू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतले कितीतरी कागद लगदा झाले. पण दस्त नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकांकडं इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा) आणि प्रमाणित नकल मिळते. सोबत सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकांची नावं असलेला उतारा, काढा, ताजं. दहा वर्षांपूर्वीची झेरॉक्स दाखवू नका.

आता माझी आवडती चूक : स्टँपपेपरवर नोटरी.

२०२१ ला आमचा पट्टा संपत आला. जागेच्या मालकांपैकी थोरले भाऊ सज्जन माणूस. म्हणाले, ‘माझी सही घ्या, तीस वर्षं वाढवून देतो, वकिलाबिकिलाची भानगड कशाला?’ शंभराचा स्टँप, नोटरीचा लाल शिक्का, अर्ध्या तासात काम. वर पेढे वाटले. मी ‘नोंदणी करू या’ म्हणालो तर दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, ‘तुम्ही फार कागद बघता.’ २०२३ ला त्याच गृहस्थांनी फ्लॅट विकायला काढला. घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलानं तो कागद दोन बोटांत धरून विचारलं, ‘याचा नोंदणीकृत दस्त कुठाय?’ एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. नोटरीनं सही त्यांचीच आहे एवढंच सांगितलं होतं; पट्टा वाढला असं तो कुठं म्हणाला होता?

पुढचं त्याहून वाईट. प्रॉपर्टी कार्डावर नावं पाच : दोन भाऊ, तीन बहिणी. एका वारसाची सही त्याच्या हिश्श्यापुरती. बेळगावच्या बहिणीला तर पट्टा संपल्याचंच ठाऊक नव्हतं. तिनं नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवलं, तेही तीन खेपांनंतर. दुसरीनं भुईभाडं वाढवून मागितलं, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. २०२४ ला दस्त झाला, तोवर गिऱ्हाईक कुपवाडला घर घेऊन मोकळं झालं होतं.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा : आधी प्रॉपर्टी कार्डावरची नावं वहीत उतरवायची, प्रत्येकाला स्वतः फोन करायचा, मगच वकिलाकडं. सह्या झाल्यावर दस्त चार महिन्यांत नोंदणीला गेला पाहिजे. मी त्याच दिवशी नेतो.

‘मालक भाडं घेतोय ना, मग पट्टा चालूच आहे.’ नाही. मुदत संपल्यावर मालकानं भाडं स्वीकारलं आणि वेगळा करार नसेल, तर राहत्या जागेचा पट्टा महिन्या-महिन्याचा धरला जातो. तो पंधरा दिवसांच्या नोटिशीनं संपवता येतो. नव्व्याण्णव वर्षांवरून पंधरा दिवसांवर! म्हणून अर्ज मुदतीच्या आत, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर पोच घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्याला पोच म्हणत नाहीत.

एकट्यानं आपल्या फ्लॅटपुरती मुदतवाढ मागू नका. पट्टा ज्याच्या नावावर, अर्ज त्याचा. सोसायटीच्या नावावर असेल तर सोसायटीचा ठराव हवा. पट्टा अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर आधी ते निस्तरा.

महापालिकेची जागा असेल तर टेबलावरचा कारकून ‘होईल की साहेब’ म्हणाला म्हणून गुढी उभारू नका.

मुदत किती मागायची, यावर मात्र थांबून विचार करा. लोक ‘तीस’ म्हणतात, गोल आकडा म्हणून. मुद्रांक शुल्क दहाच्या वर ते २९ वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर धरतात, २९ च्या पुढं गेलात की ९० टक्क्यांवर. एका वर्षासाठी एवढा फरक! आणि ‘पुढं आणखी दहा वर्षं वाढवू’ असं त्याच दस्तात लिहिलंत तर तीही वर्षं मोजली जातात, मग २९ ची हुशारी वाया. अर्थात बँकेला लांब मुदत आवडते, त्यामुळं कर्ज काढणारे शेजारी असतील तर भांडण होणारच. आमच्याकडं दोन बैठका झाल्या, एकीत चहासुद्धा कुणी घेतला नाही.

शेवटी २९ च ठरलं. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर मी ऑइलपेंटनं ‘पट्टा २०५३’ असं लिहून ठेवलंय. नव्या भाडेकरूनं परवा विचारलं, हा मीटर नंबर का?