फ्रिज घेण्याआधी जिना मोजा
सदाशिव पेठेतला जुना वाडा असो की बिनलिफ्टची सोसायटी, दुकानात जाण्याआधी टेप घेऊन जिन्याचं वळण आणि स्वयंपाकघराचं दार मोजा. आमचा डबल डोअर फ्रिज दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला, शेवटी त्याची दारं काढावी लागली! मागे-बाजूला हवेसाठी सोडायची जागाही मापात धरा. वीजबचतीचे नुसते तारे बघू नका, त्याच लेबलवरचा वर्षाला लागणाऱ्या विजेच्या युनिटचा आकडा वाचा. एकावर २५० आणि तेवढ्याच लिटरच्या दुसऱ्यावर १९० असेल, तर दरवर्षी ६० युनिट वाचतात. लेबलचा कालावधीही तपासा. तारे देण्याचे निकष कडक होत गेले की जुन्या पाच ताऱ्यांचे चार किंवा त्याहूनही कमी उरतात. टेम्पोत फ्रिज आडवा आणला असेल तर काही तास उभा ठेवूनच चालू करा.